जोडीचा हात

अंशुलने चेंडू टाकला आणि हर्षिताची बॅट तो निघून गेल्यावर तिथे पोचली. तिच्या मागे कॅचर म्हणून बसलेल्या गरिमाच्या ग्लोव्हमध्ये फट्ट आवाज झाला. सलग तिसऱ्यांदा. हर्षिताने हेल्मेट वर सरकवलं आणि मला शोधलं.

"दीदी, हो ही नहीं रहा."

"चेंडू दिसतोय ना नीट?"

"दिसतोय ना. पण मी मारते तेव्हा तो तिथे नसतोच."

याहून नेमकं मलाही सांगता आलं नसतं. ताकद आणि नजर दोन्ही असलेली मुलगी, आणि दर वेळी उशीर.

"ताकद कमी पडतेय!" मैदानाच्या कडेला स्कूटरवर बसलेले जगदेवराव ओरडले. हे हर्षिताचे आजोबा. रोज संध्याकाळी तिला न्यायला येतात आणि तासभर आधीच येतात. "उद्या सकाळपासून मोठी जोडी फिरव. मग बघ!"

"हो आजोबा," हर्षिता म्हणाली आणि हेल्मेट खाली ओढलं.

ती शुक्रवारची संध्याकाळ होती. रविवारी सकाळी याच मैदानावर राज्याच्या सतरा वर्षांखालील मुलींच्या बेसबॉल संघाची निवड चाचणी होती. पडावच्या चौकामागे असलेलं हे मैदान आमचंच, म्हणजे शाळेचं, त्यामुळे मुलींना जागा नवी नव्हती. नवी होती ती समोरून येणाऱ्या चेंडूची गती. आमच्या शाळाशाळांच्या सामन्यांत मुली हळू टाकतात आणि हर्षिता ते सगळे चेंडू कुंपणापार मारते. चाचणीत मात्र अकादमीची पिचर टाकणार होती. म्हणून मी मुलांच्या संघातल्या अंशुलला बोलावलं होतं, आणि दोन दिवस आधी हे समोर आलं होतं.

मी सीमंतिनी. फिजिक्समध्ये बीएस्सी झाले, कॉलेजच्या संघात सेकंड बेसवर खेळले आणि आता एमएस्सीच्या प्रवेशाची वाट बघत शाळेच्या मुलींना संध्याकाळी शिकवते. जगदेवराव मला 'सायंटिस्टबाई' म्हणतात. कधी कौतुकाने, बहुतेक वेळा नाही.

हर्षिताचं हे शेवटचं वर्ष होतं. पुढच्या हंगामात ती या वयोगटात बसणार नव्हती. तिचे वडील इंदूरला कारखान्यात आहेत. त्यांचं आणि जगदेवरावांचं ठरलं होतं: यंदा राज्याच्या संघात आली तर खेळ चालू, नाही आली तर बॅट ठेवून द्यायची, इंदूरला यायचं आणि परीक्षेचे क्लास लावायचे. ठरवताना हर्षिता खोलीतच होती, पण तिला कोणी विचारलं नव्हतं. जगदेवरावांनी मुलाला शब्द दिला होता. शब्द देताना त्यांना नात निवडली जाणार याची खात्री होती.

मी त्या संध्याकाळचे व्हिडिओ घरी हरिशंकरपुरमला आणले आणि फोनवर अगदी सावकाश चालवून पाहिले. एकीकडे गरिमा, एकीकडे हर्षिता. पुढचा पाय जमिनीवर टेकल्यापासून बॅट चेंडूच्या रेषेत येईपर्यंत गरिमाला व्हिडिओची जितकी चित्रं, म्हणजे फ्रेम, लागत होत्या, त्याच्या दीडपट हर्षिताला लागत होत्या. कारण लगेच दिसलं. गरिमाची बॅट खांद्यावरून सरळ पुढे निघायची. हर्षिताची आधी मागे कलंडायची. बॅटचं टोक कॅचरच्या दिशेने खाली पडायचं, क्षणभर तिथे लोंबायचं आणि मग मोठा वळसा घेऊन पुढे यायचं. हळू चेंडूला तो वळसा परवडतो. उलट त्यामुळे फटका लांब जातो. म्हणूनच आजवर कुणी तिला काही म्हटलं नव्हतं. मीही नाही.

हा दोष नवा नाही. त्यावरचा उपायही ठरलेला आहे. खेळाडूच्या मागे जाळी लावायची. बॅट मागे पडली की जाळीला लागते. तो व्यायाम आम्ही महिनाभर सगळ्याच मुलींकडून करून घेत होतो. स्टँडवर ठेवलेला चेंडू मारताना हर्षिताची बॅट जाळीला कधीच लागायची नाही. मग वेगवान चेंडू आला की हा वळसा येतो कुठून?

दोन्ही व्हिडिओ बंद करताना मला 'मोठी जोडी' आठवली. मी तिला फोन लावला.

"हर्षिता, तुझे आजोबा म्हणतात ती जोडी म्हणजे मुद्गल ना?"

"हो दीदी. रोज सकाळी फिरवतो आम्ही. का?"

"मी सकाळी येऊ बघायला?"

"या ना. पण मागे नका उभ्या राहू, आजोबा चिडतात."

*

दौलतगंजमध्ये त्यांचं घर दुकानांच्या वर आहे. खाली शटर बंद होती, गल्लीत धुकं होतं, आणि गच्चीवर जगदेवराव बनियनवर घामेजले होते. त्यांचे पूर्वज दख्खनमधून फौजेबरोबर आले. आता घरात फौजेत कोणी नाही, पण जोडी आहे. शिसवीचे दोन जड मुद्गल, लाकडी घडवंचीवर उभे. दसऱ्याला तलवारीशेजारी ठेवून त्यांना हळदकुंकू वाहतात. घरातल्या मुलींनी फक्त फुलं वाहायची, उचलायचे नाहीत, असं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं होतं. हर्षिता आठ वर्षांची असताना जगदेवरावांनीच ते मोडलं. तिच्यासाठी लहान जोडी करवून घेतली आणि नातेवाइकांची तोंडं बंद केली. हे त्यांनी मला चहाआधीच सांगितलं.

"आमच्या खानदानात जोडी हातात घेणारी पहिली मुलगी," ते म्हणाले. "हिचा हात बघ."

हर्षिता फिरवायला लागली. मी व्हिडिओ घ्यायला दोन पावलं मागे सरकले, तर जगदेवरावांनी माझी बाही धरून मला बाजूला ओढलं.

"मागे नाही! फिरत्या जोडीच्या मागे कोणी उभं राहत नाही. आमच्या घरचा पहिला नियम आहे हा."

मी बाजूने चित्रण केलं. सुंदर हालचाल होती. मुद्गल खांद्यावरून मागे पडायचा, पाठीमागे पूर्ण लोंबायचा, त्याचं वजन खांद्याला ताणायचं आणि मग हात त्याला वळसा घालून पुढे आणायचा. आधी मागे सोडायचं, मग ओढायचं. मी कालचा व्हिडिओ शेजारी लावला.  दोन्ही वळसे एकच होते.

रोज सकाळी, आठ वर्षं, तिचं शरीर हेच शिकलं होतं. शांतपणे स्टँडवरचा चेंडू मारताना ती माझं ऐकायची. वेगवान चेंडू अंगावर आला की विचाराला वेळ नसायचा आणि हात गच्चीवरचं आठवायचे.

हर्षिता आंघोळीला खाली गेली तेव्हा मी जगदेवरावांना फोन दाखवला. शब्द आधी जुळवून ठेवले होते.

"काका, हिची ताकद कमी नाहीये. बॅट पुढे यायच्या आधी मागे पडते. बघा इथे. आणि आता हे आत्ताचं बघा."

त्यांनी पाहिलं. चष्मा लावून पुन्हा पाहिलं. चेहऱ्यावर आधी आनंदच आला.

"अगदी जोडीचा हात आहे पोरीचा!"

"हो. तेच तर."

"तेच तर म्हणजे?"

"जोडीला मागे सोडावंच लागतं, जड असते ती. बॅट हलकी आहे. आणि चेंडू थांबत नाही."

"म्हणजे मी बिघडवलं तिला?" आवाज चढला. "हे म्हणायला आलीस सकाळी सकाळी? खांदे कोणी दिले तिला? तू?"

"तुम्हीच दिले. म्हणून तर फटका इतका लांब जातो."

"मग?"

"मग उशीर होतो."

"किती?"

"पापणी लवते त्याहून कमी."

"बस? एवढ्यासाठी हे नाटक?"

"तेवढ्यात चेंडू हातभर पुढे गेलेला असतो, काका."

 बोट काचेवर फिरवून त्यांनी नातीचा वळसा पुढेमागे केला. बॅट मागे पडली, वर आली, पुन्हा पडली. खाली कोणीतरी शटर उघडलं. शेवटी त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

"उद्या चाचणी. आज काय होणार?"

"मागे जाळी लावून अंशुलचे चेंडू खेळवायचे. पण खरं सांगू? वेगवान चेंडूला ती जाळी विसरते."

"विसरणारच." ते घडवंचीकडे बघत होते. "जाळीला लागलं तर काय होतं? काही नाही. तिच्या हातालाही ठाऊक आहे की काही होत नाही." मग एकदम वळले. "संध्याकाळी मी येतो. ती कॅचरची टोपी-बिपी तयार ठेव. मी बसतो तिच्या मागे."

"काका, नको. लागेल."

"लागेल म्हणूनच नाही मारणार ती. सोळा वर्षं वाढवलंय, मला नको सांगू."

*

गरिमाने आपलं कॅचरचं सगळं सामान त्यांना चढवलं: मुखवटा, छातीचं कवच, पायांचे पत्रे. पट्टा आवळताना तिला हसू आवरेना.

"आजोबा, सांस तो लो."

"घेतोय ना! तू पट्टा सोड आधी."

"टीम में ले लें क्या इनको, दीदी?" अंशुलने लांबून विचारलं.

"तू नीट टाक, बेटा," जगदेवराव म्हणाले. "मला लागलं तर मी तुला बघतो. तिला लागलं तर तुझ्या बापालाही बघतो."

चेंडूंची बादली रिकामी करून मी उलटी ठेवली. टेपने मोजलं. हर्षिताची बॅट सगळ्यात वाईट पडली तरी तिचं टोक कुठवर येतं ते व्हिडिओवरून काढलं होतं; त्याच्याही वीतभर मागे चुन्याची रेघ मारली. बादली त्या रेघेमागे. तिथे बसलेल्या माणसाला बॅट लागणं शक्य नव्हतं. हे मी जगदेवरावांना सांगितलं, हर्षिताला सांगितलं नाही. तिला फक्त इतकंच कळायला हवं होतं की मागे आजोबा आहेत.

तिला ते फारच कळलं.

"आजोबा, सरका ना मागे."

"मागे जागा नाही. खेळ."

पहिल्या चेंडूंना तिने बॅट नुसती पुढे ढकलली. चेंडू पायाशी पडले. पण टोक मागे पडलं नव्हतं! मग एक चेंडू तिने खरोखर मारला, छोटा, सरळ, पिचरच्या कानाजवळून. अंशुल खाली बसला. मी ते चित्र थांबवून पाहायला फोनवर वाकले. वळसा नव्हता. अजिबात नव्हता. मला ओरडावंसं वाटलं.

मी फोनवर वाकलेली असताना जगदेवरावांनी टाचा रोवून बादली पुढे सरकवली. रेघ त्यांच्या बुटांमागे राहिली. हे मला नंतर दिसलं, व्हिडिओत.

"आता जोरात टाक!" त्यांनी अंशुलला सांगितलं.

अंशुलने जोरात टाकला. हर्षिताने वेग पाहिला आणि हात गच्चीवर गेले. बॅट मागे पडली.

जो आवाज आला तो चेंडूवर बॅट लागल्याचा नव्हता. बोथट, ओला आवाज होता. जगदेवरावांचा उजवा हात गुडघ्यावर होता, कोपरापासून मनगटापर्यंत उघडा. टोक तिथे लागलं होतं.

हर्षिताने बॅट टाकली. ती मागे वळली.

"काही नाही," जगदेवराव म्हणाले. मुखवट्यामागे चेहरा दिसत नव्हता. "पुसटसं लागलं. उचल बॅट."

"नाही."

"उचल म्हणतो ना."

"मैं नहीं मारूँगी." ती मागे सरकत होती. "मला नाही खेळायचं. कोणी मागे असताना मी नाही मारणार, आजोबा, मी नाही मारणार!"

गरिमाने तिला धरून बाकाकडे नेलं. जगदेवराव उठले, डाव्या हाताने मुखवटा काढला. ओठ पांढरे पडले होते.

"गरिमा तिला घरी सोडेल. मी ऑटोने जातो. स्कूटर इथेच राहू दे, पेट्रोल संपलंय," ते मोठ्याने, तिला ऐकू जाईल असं म्हणाले.

ते गेल्यावर मी स्कूटरच्या काट्याकडे पाहिलं. टाकी अर्धी भरलेली होती.

मी घरी जाऊन लगेच फोन केला.

"काका, एक्स-रे काढा. आत्ता. मी येते."

"सुजलाय थोडा. बर्फ लावलाय."

"बोटं मिटता येतात?"

"उद्या मिटतील."

"मग हाड असेल. प्लास्टर लागेल."

"ते मलाही कळतं, सायंटिस्टबाई. आज प्लास्टर घातलं तर उद्या ती काय बघेल? मैदानावर उभी राहून माझा हात बघेल. उद्या चाचणी झाली की जाऊ. तू नेशील मला. आणि तिला काही बोलायचं नाही."

"पण ती मारायलाच तयार नाहीये. आणि उद्या मागे कॅचर असणारच. कोणीतरी असणारच मागे."

"माहीत आहे," ते म्हणाले. "झोप तू."

*

रविवारी धुक्यामुळे चाचणी उशिरा सुरू झाली. मैदानाचा लांबचा भाग, आउटफील्ड, दिसत नव्हता. स्टेशनवरून गाडीचा भोंगा आला तर वाटायचं ती कुंपणाला लागून उभी आहे. निवड समितीच्या मॅडम भोपाळहून आल्या होत्या. निळा ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं, चाचणी चालू असताना प्रशिक्षकांनी जाळीबाहेर राहायचं आणि खेळाडूशी बोलायचं नाही.

गरिमाची कॅचर म्हणून चाचणी होती, म्हणून ती प्लेटच्या मागे, बॅट घेऊन उभ्या मुलीच्या पाठीशी बसली होती. अकादमीची पिचर उंच होती आणि अंशुलइतकीच वेगात टाकत होती. आधीच्या दोन मुलींनी थोडेफार मारले. मग हर्षिताचं नाव पुकारलं.

तिने जागा घेतली, बॅट खांद्यावर आणली आणि मागे वळून गरिमाकडे पाहिलं. गरिमा नेहमीच्या अंतरावर होती.

पहिला चेंडू प्लेटच्या मधोमध आला. हर्षिताने बॅट हलवली नाही.

दुसराही मधोमध. बॅट जागच्या जागी. तिने पुन्हा मागे पाहिलं.

"सरक," ती कुजबुजली, पण धुक्यात आवाज स्वच्छ ऐकू आला.

"पागल है क्या? इथेच बसते मी," गरिमा म्हणाली.

तिसरा चेंडू. काहीच नाही. जाळीची तार मी इतकी घट्ट धरली होती की बोटांना वळ उठले. मला सगळं कळत होतं. काल तिने जे शिकायला हवं होतं त्याच्या जागी दुसरंच शिकली होती: बॅट हलवली की मागच्या माणसाला लागतं. आणि त्या शिकण्यावर माझ्याकडे एकही व्यायाम नव्हता.

मॅडम पुढे आल्या. "बेटा, देखने आई हो या खेलने? तीन और हैं तुम्हारे। मारना हो तो मारो, नहीं तो अगली को बुलाऊँ."

हर्षिताने मान हलवली. होकार की नकार, मॅडमनाही कळलं नसावं.

जगदेवराव माझ्या शेजारी उभे होते. अंगात कोट, उजवा हात खिशात. ते जाळीला धरून चालायला लागले. प्लेटच्या मागून, वळसा घालून, पहिल्या बेसच्या बाजूला गेले. उजव्या हाताची खेळाडू उभी राहते तेव्हा तिचं तोंड त्या बाजूला असतं. हर्षिताला आता ते समोरच दिसत होते.

त्यांनी कोट काढला. एका हाताने, बराच वेळ लागला. पिचर चेंडू घेऊन थांबली.

"वो कौन हैं?" मॅडमनी विचारलं.

जगदेवरावांनी उजवा हात वर केला. डोक्याच्या मागे नेला, पाठीवर सोडला, आणि खालून वळसा घालून पुढे आणला. जोडीशिवाय जोडीचा पूर्ण फेरा. मग आणखी एक. बाकावरच्या मुली हसल्या. "दादाजी भी ट्रायल दे रहे हैं!" कोणीतरी म्हणालं. जगदेवरावही हसले. इतक्या लांबून त्यांचं हसणं हसण्यासारखंच दिसत होतं. कपाळावरचा घाम दिसत नव्हता, पण मला तो माहीत होता.

"बघ!" ते ओरडले. "काही झालेलं नाही! मार!"

"अंकल, प्लीज़," मॅडम म्हणाल्या.

हर्षिता त्यांच्या हाताकडे बघत राहिली. तिसरा फेरा झाला. मग तिचे खांदे खाली आले, जसे मोठा श्वास सोडल्यावर येतात.

"और सुन," मुखवट्यामागून गरिमा म्हणाली, "मी तुझ्या आजोबांसारखी तुझ्या मांडीवर नाही बसलेली. मार आता, मलापण घरी जायचंय."

चौथा चेंडू. बॅट फिरली. बॅटचा वरचा काठ लागून चेंडू मागच्या जाळीवर आदळला. फाउल. पण ती फिरली होती आणि वेळेवर फिरली होती.

पाचवा आतल्या बाजूला आला, सगळ्यात अवघड जागी. मी फोन जाळीच्या भोकातून धरला होता, पण डोळ्यांनीच पाहिलं. बॅट खांद्यावरून निघाली. टोक मागे झुकलं, थोडंसं, आणि मग जणू कोणी हात धरावा तसं तिथेच थांबलं आणि पुढे आलं. आवाज कोरडा होता. चेंडू शॉर्टस्टॉपच्या जागी उभ्या मुलीच्या डोक्यावरून धुक्यात शिरला आणि बऱ्याच वेळाने कुंपणाचा पत्रा वाजला.

कोणी हसलं नाही.

"तेज़ डालो," मॅडम पिचरला म्हणाल्या. "जितना डाल सकती हो."

पिचरने सगळा जोर लावला. तो चेंडू मला नीट दिसलासुद्धा नाही. हर्षिताला दिसला. यावेळी फटका खाली होता, पिचरच्या पायांमधून सरळ सेकंड बेसवरून मागे, गवताला चिकटून. मी तिथे तीन वर्षं उभी होते. तो मला अडवता आला नसता.

मॅडमनी काही लिहिलं नाही. हर्षिताच्या जवळ गेल्या, तिच्या हातातून बॅट घेतली, मुठीकडून टोकाकडे पाहिली, परत दिली.

"टी-शर्ट का साइज़ क्या है?"

हर्षिताला प्रश्न कळला नाही.

"बेटा, साइज़. कैंप के लिए कपड़े आने हैं."

"मीडियम," गरिमाच म्हणाली. "नहीं मैडम, लार्ज लिखिए. कंधे देखिए इसके."

*

हर्षिता हेल्मेटसकट धावत पहिल्या बेसच्या बाजूला गेली. मी पोचले तेव्हा ती जाळीच्या दाराशी त्यांच्यासमोर उभी होती आणि जगदेवराव डावा खांदा पुढे करून उभे होते. उजवा हात पुन्हा कोटाखाली होता.

"दाखवा," ती म्हणाली.

"आधी वडिलांना फोन कर."

"आजोबा, हात दाखवा."

त्यांनी दाखवला नाही, म्हणून तिनेच कोट बाजूला केला. मनगटापासून वर सूज टम्म होती, रंग जांभळा. तिने त्यांच्या तळव्यात आपली बोटं ठेवली.

"मूठ मिटा."

ते मिटू शकले नाहीत.

"खोटं बोललात."

"हो."

"इतक्या लोकांसमोर."

"मग काय करणार होतो? तू तर बघायला आली होतीस," ते मॅडमच्या आवाजात म्हणाले. तिला हसू आलं आणि लगेच रडू आलं. मग ती बराच वेळ त्यांच्या डाव्या खांद्यात तोंड खुपसून उभी राहिली.

त्यांच्याच स्कूटरवरून मी त्यांना हॉस्पिटलला नेलं. हर्षिता ऐकेना, म्हणून तिघं: मी पुढे, ते मध्ये, आणि मागे ती, दोन्ही हातांनी त्यांना धरून. पडावच्या चौकात पोलीस उभा होता. त्याने हर्षिताचं बॅटिंगचं हेल्मेट पाहिलं, जगदेवरावांचा हात पाहिला आणि नजर फिरवली. पेट्रोलचा काटा अजून अर्ध्यावर होता. तो तिलाही दिसला असणार.

"जोडी आता घडवंचीवरच राहील," हर्षिता मागून म्हणाली.

"दसऱ्याला काढू," ते म्हणाले. थोडं पुढे गेल्यावर माझ्या कानाशी वाकले. "गेला का गं तो वळसा?"

"निम्मा गेला. कॅम्पच्या आधी उरलेला काढू."

"हं." खड्डा आला, त्यांनी श्वास आत ओढला. "तू सगळ्याची फिल्म घेतलीस?"

"घेतली."

"माझीपण?"

मी खरंच घेतली होती. हर्षिताचं नाव पुकारल्यापासून फोन चालू होता, आणि त्यांचे फेरे त्यात आले होते.

"तुमचीपण, काका."

"ती पुसून टाक," जगदेवराव म्हणाले. "तिसरा फेरा वाकडा गेला."